उंबऱ्यावरून

टॉर्कलने होडी खडकाला लावली नाही, नुसती टेकवली.
"लाट वर नेईल तेव्हा उडी मार," म्हणाला,
"खाली नेताना नाही."
एवढंच काय ते प्रशिक्षण.
गळ्यात कॅमेरा, पाठीवर तिपाई,
मी ग्रीयासे बेटावर उतरले.
उतरले कसली, चार पायांनी चढले.

पक्ष्यांना माझं येणं पसंत नव्हतं.
एका फुलमारने कपारीतून नेम धरून
बाहीवर तेल ओकलं.
तीन धुण्यांनंतरही तो वास आहे.

मग दिवसभर काढत राहिले.
कडे, कड्यांखालचे कडे,
ऊन आलं तेव्हाचे, गेलं तेव्हाचे
(तिथे ऊन येतं ते घाईतल्या पाहुण्यासारखं, वहाणा न काढता).
छप्पर उडालेली सात घरं.
चुलीच्या जागी रवंथ करत बसलेली मेंढी.
भिंतींवर दगडफूल,
राखाडी, केशरी, हातभर पसरलेलं.
माणसं राहिली होती तिथेच नेटल उगवतं,
राखेची, शेणाची, सांडलेल्या दुधाची
आठवण धरून.
घोट्याला डसलं तेव्हा कळलं,
मी कुणाच्या तरी अंगणात उभी आहे.

संध्याकाळी अलीकडच्या बेटावर
मर्डीना मॅकअस्किलच्या स्वयंपाकघरात
शेगडीशेजारी लॅपटॉप उघडला.
तिने चष्मा पुसला.
कडे बघितले, "हं" म्हणाली.
पक्षी बघितले. "ह्यांची अंडी खायचो आम्ही."
मग घरं. तिसऱ्यावर बोट ठेवलं,
बोटाचा ठसा पडद्यावर उठला.
"हे आमचं. पण असं ते टपालवाल्याला दिसायचं.
मला नाही.
मी आत असायची."
थोडं थांबून:
"दारात उभी राहा. बाहेर बघ.
ते आण."

नऊ दिवस वारा होता.
टॉर्कल रोज सकाळी धक्क्यावर जायचा,
अबोला धरलेल्या भावाकडे बघावं तसा
समुद्राकडे बघून परत यायचा.
दहाव्या दिवशी गेलो.
उंबऱ्यावर उभी राहिले, काढला:
उतार, अर्धा ढासळलेला बांध, खाडी,
खाडीत टॉर्कलची लाल होडी, तिच्यावर क्षितिज,
ओळंबा लावल्यासारखं नेमकं.
मला आवडला होता.

मर्डीना बराच वेळ गप्प.
मग गॅलिकमध्ये भाचीला काहीतरी म्हणाली.
भाची हसली, मग हसायची थांबली.
"म्हणते, फोटो काढणारी फार उंच आहे.
बेट सोडलं तेव्हा ही सहा वर्षांची होती."

तिसऱ्यांदा गेले.
टॉर्कलने डिझेलचे पैसे घेतले नाहीत,
एक शिवी दिली, लांबलचक.
उंबऱ्यावर गुडघे टेकले.
ओल, लेंड्या, नेटल.
डोळा सहा वर्षांच्या उंचीवर आणला
आणि समुद्र गेला.
चहूकडून वेढून बसलेला एवढा समुद्र
एका कमरेएवढ्या बांधामागे गेला.
उरले दगड,
दगडांत एक भोक, भोकात गवताचं पातं,
आणि आभाळ, भलतंच.
कशावर नजर ठरवावी कळेना
म्हणून कॅमेरा दोनदा घरघरला.
वाईट फोटो. कुठलंच मासिक छापणार नाही.

"हो," मर्डीना म्हणाली.
पडद्यावरच्या भोकात घालायला जावं तसं बोट नेलं.
"इथं अंडं लपवलं होतं मी. निघायच्या दिवशी.
कुणाला सांगितलं नाही."
"आणि समुद्र?" मी विचारलं.
"दारातून?
दारातून तो एकदाच दिसला.
बाबांनी खांद्यावर घेतलं तेव्हा."

मग म्हणाली, टॉर्कललाही बोलाव,
चहा झालाय.
आणि त्याला सांग, बूट बाहेर.