केसाएवढी रेघ

येलदरीच्या धरणाखाली, लिंबाच्या सावलीत
फायबरची होडी पालथी पडली आहे.
मुंजाजीमामा म्हणतात, "खडक लागला."
मी ओल्या फडक्यानं तिचं पोट पुसतो.
एका ठिपक्यातून फुटलेल्या बारीक रेघा,
कोळ्यानं सुरू करून सोडून दिलेलं घर.

खडक ओरखडतो, लांब, एका अंगानं.
असा तारा उमटतो तो आतून मार बसल्यावर.
रुपयानं ठोकत जातो: टण, टण,
मग एका जागी बद्द.
जाळ्याला बांधायचा दगड कुणीतरी आत आपटलाय.
हातातून निसटलेला दगड
इतकं खोल लागत नाही.

विचारत नाही.
धार काढलेल्या स्क्रू-ड्रायव्हरनं
रेघ आधी रुंद करावी लागते,
वरवर लिंपलेलं महिन्यात निघतं.
पांढऱ्या जेलकोटात चिमूटभर निळा.
हार्डनरचे थेंब वैशाखात दोन कमीच,
नाहीतर वाटीतच दगड.
वर प्लास्टिकचा कागद, हवा लागू नये म्हणून.

ॲसिटोनचा वास आहे,
मामा विडी न पेटवता बोटांत धरून बसतात.
"भुजंग येतच न्हाई आता संगं.
थर्माकोलवर एकलाच जातोय.
आठ दिस झाले."
हे होडीला सांगतात.
मी चारशेचा पेपर पाण्यात बुडवतो,
मग आठशेचा,
बाराशेचा.

संध्याकाळी मामा तळवा फिरवून पाहतात.
"कुठं व्हता? गावना की!"

मला गावतो.
निळा जरा जास्त पडला होता.