जाळं कोणाचं होतं

कंपनीनं माणूस पाठवला अंधेरीहून,
ससून डॉकच्या शेडमध्ये, सकाळी साडेनऊला.
बूट पांढरे. दारातल्या पाण्याशी दोनदा थबकला.
मी वजनाची वही मिटून त्याला स्टूल दिलं.
तो बसला नाही.

पहाटे चारपासून बसलेल्या चाळीस बाया,
उलट्या क्रेटवर, फळकुटावर, मनगटापर्यंत बर्फात.
मान वर झाली, बोटं थांबली नाहीत:
डोकं डावीकडे, साल पायाशी, कोळंबी टबात,
डोकं डावीकडे.

म्हणाला, आज आपण टीमवर्क शिकू, गोष्टीतून.
कबुतरांचा थवा दाणे बघून उतरला,
वरून जाळं पडलं.
जो तो आपल्या बाजूला ओढू लागला,
तसतसं आवळत गेलं.
तेव्हा एक म्हातारं कबुतर म्हणालं, एकदम उडा!
आणि उडाली की हो, जाळ्यासकट सगळी.
त्यानं दोन्ही हात पसरले. लॅपटॉपची बॅग खांद्यावरून घसरली.
तर काय शिकलो आपण?

बर्फ फोडायचं यंत्र तेवढं कुरकुरलं.
मग मागच्या रांगेतून जानकूबाय:
"जालं कोनाचं होतं?"

"अं? शिकाऱ्याचं."
"मंग त्याचं काय झालं?"
"तो... धावला थोडा. मग दमला."
"नवं होतं का शिवलेलं?"
"दानं पन त्याचंच ना?"
"खाली शिशाच्या गोल्या नव्हत्या? उडालं कसं?"

त्यानं घाईनं पुढची गोष्ट काढली,
उंदीरमामा येतो, जाळं कुरतडतो, सगळे सुटतात,
आणि शेडभर असा काही हल्लकल्लोळ उठला
की बाहेरचा हमाल हातगाडी सोडून डोकावला.
"मुडदा बशीवला त्या उंदराचा!"
"माल्यावर दोन डोली खाल्ल्यान गेल्या साली!"
रात्र रात्र जाळी शिवलेल्या बाया त्या.
कबुतरांच्या बाजूला
कुणीच नव्हतं.

मग त्यानं माझ्याकडे वही मागितली.
तासाला किती, दिवसाला किती, सगळ्यांत मागे कोण.
बोट खाली सरकत गेलं:
अठरा किलो, साडेअठरा, अठरा, पावणेएकोणीस, अठरा.
"सगळ्या सारख्या? असं नसतं हो.
कुणीतरी मागे असतंच."

असतं.
धाकलीबायची दोन बोटं थंडीपासून वळत नाहीत,
तुरटी लावून झाली, मेण लावून झालं.
तिच्यानं आता बारा होतात, फार तर तेरा.
पण काट्याकडे टब न्यायची वाट तिच्यावरूनच जाते,
आणि जाणारी प्रत्येक, न बघता,
ओटीत टाकावी तशी एक मूठ तिच्या टबात टाकते.
सगळ्याच काही संत नाहीत.
मथुरा मोजून टाकते, शिवाय ऐकवते,
"तुजी सत्तावीस मुठी उधारी झाली गं माज्याकडं."
एस्तेर भांडण झालं की आठवडाभर टाकत नाही,
तेवढे दिवस जानकूबाय दोन टाकते.
ज्याच्या त्याच्या हाताला मुठीमागे दीड-दोन रुपये कमी.
हे अकरा महिने चाललंय.
मी काट्याकडे बघतो. काटा अठरा म्हणतो.
मी अठरा लिहितो.

हे मी त्याला सांगितलं नाही.
म्हणालो, "पाणी देऊ का?"
त्यानं लॅपटॉपवर काहीतरी भरलं,
'सातत्य: उत्तम' एवढंच मला वाचता आलं,
आणि टाचांवर, पाणी चुकवत, गेला.

दुपारी काटा सुरू झाला.
बाया उठल्या, कंबरा धरून, टब घेऊन.
जानकूबाय अजून त्या शिकाऱ्यातच अडकलेली.
"ऐन हंगामात गेलं गं जालं," ती म्हणाली
धाकलीबायच्या शेजारी वाकता वाकता,
"कुनी दिलं असंल का त्याला दुसरं?"