कूलरच्या टाकीत

दिवाळी सरली की मानेवाड्यात
खिडक्यांवरून कूलर उतरतात.
ताट्या गच्चीवर, पंखा पोत्यात,
टाकी रिकामी, तळाशी क्षाराची पांढरी साय.
आमच्या टाकीला तीन हिवाळ्यांपासून
दुसरी नोकरी आहे.

दीड पोतं माती, घमेलंभर जुनं शेणखत.
पालक, मेथी, मुळा, सांभार
(पुण्याची वहिनी त्याला कोथिंबीर म्हणते,
म्हणू द्या)
आणि यंदा पहिल्यांदाच लेट्यूस.
पाकिटावर फुगलेला हिरवा गड्डा,
आत चिमूटभर राखाडी कण,
नवजात बाळाची नखं कापावीत तेवढे.

मेथी तिसऱ्या दिवशी कमरेत वाकून वर आली.
मुळ्यानं मातीचं ढेकूळ डोक्यावर घेतलं.
लेट्यूस आठ दिवस गप्प.

सोनकुसरेबाई आल्या डोकवायला,
बुधवार बाजारात जन्मभर भाजी विकून
ज्यांच्या बोटांच्या भेगा हिरव्याच राहिल्या:
"बुजवलं असन तुमी.
इवलंसं बी हाय थे, त्याले उजेड लागते.
वरून माती काहून टाकली, मॅडम?
अन् ऊन पाहा ना अजून."

तेव्हा मला लशी आठवल्या.
दुसरी चिमूट ओल्या गॉजमध्ये गुंडाळून
फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी, तीन रात्री.
मग मातीवर नुसती सांडली, तळहातानं दाबली.
पाणी दहा एमएलच्या सिरिंजनं, सुई काढून.
चिकटपट्टीवर नाव, तारीख,
ड्यूटीवर लिहिते त्याच अक्षरात.
हर्षल म्हणाला, "आई, वॉर्ड काढला का इथं?"

नाइट संपवून मेडिकलमधून आले एका सकाळी,
स्कूटीची चावी हातातच, तशीच गच्चीवर.
हिरवं म्हणावं इतकंही नव्हतं ते.
मातीवर कुणी श्वास सोडून गेलं होतं.
मोजले. एकशे अठरा.

"आता विरळ करा लागते," बाई म्हणाल्या,
"बारा ठेवा. नाई तं साऱ्याच काड्या होतीन."

आदल्या रात्री आमच्याकडे
तीस खाटा होत्या आणि सत्तेचाळीस पेशंट.
दोन खाटांच्या मध्ये मी गाद्या टाकल्या,
सलाइन खिडकीच्या गजाला बांधलं,
व्हरांड्यातल्या म्हातारीला
माझी स्वतःची शाल.
बारा ठेवा असं तिथं कुणी म्हणत नाही.
म्हणालं असतं तर मी काय केलं असतं,
माहीत नाही.

दोन दिवस हात लावला नाही.
तिसऱ्या दिवशी सगळे लांबुडके, फिके,
एकमेकांच्या अंगावर कलंडलेले.
तेव्हा बसले, चष्मा लावून,
नखानं एकेक.
मुळं दोऱ्याएवढी, पांढरी,
मातीचा कण सोडायला तयार नसलेली.

फेकलं नाही काही.
धुतलं, भाकरीवर पसरलं,
मीठ, कांदा, जवसाचं कच्चं तेल.
ओंजळभर झालं जेमतेम.
हर्षलनं दोन घासांत संपवलं
आणि विचारलं, अजून आहे का?

डिसेंबरात पारा सातवर गेला,
बारा जणांनी अंग धरलं.
पान मोडलं की कट्कन आवाज यायचा,
सिस्टर घोडेस्वारांच्या डब्यात गेलं, सोनकुसरेबाईंकडे गेलं.
त्या चावत राहिल्या बराच वेळ.
"पाणीच हाय हो," म्हणाल्या, "पण चांगलं पाणी हाय."

फेब्रुवारीअखेर एकेक उंच सुटला.
देठाला दूध, पानाला कडूपणा.
अकरा उपटले. एक राहू दिला.
त्याला बारीक पिवळी फुलं आली, मग कापूस.
तोवर एप्रिल, बेचाळीस डिग्री,
गल्लीत सगळ्यांचे कूलर घुमू लागले.
मी म्हटलं, आठ दिवस थांबा,
बी पिकायचंय.

आठ दिवस तिघं फरशीवर झोपलो,
ओला पंचा छातीवर टाकून.
कुणी काही बोललं नाही.
हर्षल एकदा मध्यरात्री उठून गच्चीवर गेला,
येऊन म्हणाला, "अजून नाही."

बी आता इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत आहे.
टाकी घासून धुतली, खिडकीला लावली.
चिकटपट्टी तेवढी निघाली नाही.
लेट्यूस, अकरा नोव्हेंबर.
दुपारी मोटर चालू झाली
की ताटीतलं पाणी तिच्यावर ठिबकतं.