एकोणतीस

लश्करातल्या आमच्या शाळेत, चौथीच्या पटावर तीस.
हजेरी मी हिंदीत घेते, रागावते हिंदीत,
मोजते मात्र मनातल्या मनात मराठीत.
तीन पिढ्या ग्वाल्हेरात गेल्या,
आकडे तेवढे घरचे राहिले.

अंगणात गेरूनं आखलाय सापशिडीचा पट.
साबणाच्या दोन खोक्यांवर कागद चिकटवून फासे केलेत,
एकाचे कोपरे दबलेत, त्यामुळे सहा जरा जास्तच पडतो,
आणि हे माझ्याआधी लवकुशच्या लक्षात आलंय.
सोंगट्या म्हणजे चिंचोके,
एकेकावर एकेकाचं नाव.
नियम माझा एकच:
घर सोडण्याआधी सांगायचं,
पुढच्या दहाला किती कमी.
सत्तेचाळीस? तीन कम पचास.
एकसष्ट? नौ कम सत्तर.

बडे सर खिडकीतून डोकावले,
"मॅडम, ये गणित का पीरियड है ना?"
म्हटलं, हो, म्हणून तर एवढा गोंगाट.

थंडी पडली आणि दीवान कुशवाह यायचा थांबला.
रोज मोजते, एकोणतीस.
किती वर्षं हा शब्द तोंडात घोळतोय,
ऐकला नव्हता कधी:
एक उणा, तीस.
मराठी मोजताना आधी जो नाही त्याचं नाव घेते,
मग उरलेल्यांचं.
एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणनव्वद.
फक्त नव्व्याण्णवला कुणाची आठवण येत नाही.

शनिवारी दिसला. काकाच्या दुकानाच्या मागच्या बाजूला
चार जण गजक कुटत होते, लाकडी हातोडे, गुळाची वाफ,
त्यातला सगळ्यात लहान हातोडा त्याचा.
पाव किलो मागितली. तीनशे ऐंशीचा भाव.
मी मनात पावकी लावेपर्यंत तो म्हणाला,
"पाँच कम सौ."
मग कुटता कुटताच,
"मॅडम, हमारी गोटी कहाँ है?"

खरं सांगावं लागलं.
सत्त्याऐंशीच्या सापानं गिळली. चोवीसवर आहे.
"छह कम तीस," तो म्हणाला.
हातोडा थांबला.
"हमारा पासा कौन फेंका?"
रुखसार. रोज टाकते तुझ्यासाठी, न चुकता.
"उससे कहना, न फेंके."

कधी येशील?
"होली के बाद."
म्हणजे किती दिवस?
त्यानं बोटांकडेसुद्धा पाहिलं नाही,
"तीन कम चालीस."

घरी येऊन कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले.
सदतीसच.

सोमवारी रुखसारला निरोप दिला.
ती रुसली, मग म्हणाली, ठीक है.
चोवीसच्या घरात त्याचा चिंचोका तसाच आहे.
झाडू मारणाऱ्या बाई तेवढं घर सोडून झाडतात.