दातातली खाच

माझ्या पुढच्या दातांत एक खाच आहे,
मेणाची दोरी धरून धरून पडलेली.
डॉक्टर म्हणाला, भरून टाकू.
मी म्हटलं, मग दोरी कुठे धरू?

चव्वेचाळीस वर्षं या तालमीत डोकी बांधतोय.
पैलवानांची नावं विसरतो,
केस नाही विसरत.

हायानामी आला तेव्हा पंधराचा होता,
ओगाच्या किनाऱ्यावरून, शाळेच्याच गणवेशात.
हातात बापाने दिलेली माशांची पेटी,
बर्फ वितळून उंबऱ्यावर थारोळं.
वस्तादांनी नाव ठेवलं, हायानामी. म्हणजे धावती लाट.
एकोणीस वर्षांत तो धावलेला मी एकदाच पाहिला,
चुलीवरचा भात करपला तेव्हा.

केस कानाखाली यायला आठ महिने गेले.
घोड्याच्या शेपटीसारखे राठ; तेल पितच नव्हते.
पहिली शेंडी बांधली तेव्हा रिवाजाप्रमाणे
तालमीतल्या प्रत्येकाने कपाळावर टिचकी मारली
आणि हातात एकेक नोट ठेवली.
कपाळ सुजलं. पोरगं हसत होतं.

त्यानंतर रोज सकाळी मी त्याच्या केसांतून माती विंचरली.
जिंकला असेल तर थोडी, कपाळाजवळ.
हरला असेल तर मागे, मानेपर्यंत.
मला निकाल विचारावा लागायचा नाही.

वरच्या वर्गातल्यांची शेंडी टोकाला पसरते,
गिंकोच्या पानासारखी.
खालच्यांना नुसती मोळी.
पण वर माणूस कमी पडला, खालच्याला बोलावणं आलं,
तर त्यालाही पान मिळतं, त्या दिवसापुरतं.

त्याला आलं. सव्विसाव्या वर्षी, मे महिन्यात.
तीन जिंकलेल्या, तीन हरलेल्या, ही सातवी.
ही मारली की पगार, स्वतःची खोली,
भांडी घासायला दुसरा कोणीतरी.
पान पसरताना माझी बोटं थरथरली.
तो म्हणाला, जरा घट्ट बांधा.

अकरा सेकंद.
समोरच्याला त्याने पार कडेला नेला होता,
लोक उभे राहिले होते,
आणि झाडलेल्या वाळूत, रिंगणाबाहेर,
टिकलीएवढी खूण.
त्याच्याच अंगठ्याची. आधी उमटलेली.

रात्री मी पान सोडत होतो.
त्याने विचारलं, अंगठाच होता ना?
मी म्हटलं, हो.
बराच वेळ तो पायाकडे बघत बसला,
भाडं थकवलेल्या भाडेकरूकडे बघावं तसा.

मग गुडघा. तीन स्पर्धा गादीवर.
खाली घसरला तसा मफलर काढून ठेवावा लागला,
त्या पायरीवर मफलरची परवानगी नसते.
फेब्रुवारीत उघड्या गळ्याने मासळीबाजारात जायचा
आणि कॉडची डोकी घासाघीस करून आणायचा.
त्याच्या हातचा रस्सा खाऊन
चौघेजण वर गेले. तो चुलीपाशी राहिला.

तीनशे शहाऐंशी जिंकल्या.
तीनशे एक्क्याण्णव हरल्या.
पाचाचा फरक. मी दोनदा मोजलंय.

काल त्याचे केस कापले.
मोठा हॉल नाही, तिकिटं नाहीत.
रिंगणावर त्याच्या आईला पाय ठेवता येत नाही,
म्हणून वरच्या मजल्यावर, जेवणघरात खुर्ची मांडली.
पान मीच बांधलं, दुसरं आणि शेवटचं.
दोरी दातांत होती,
बोलता आलं नाही ते बरंच झालं.

आईने कात्री लावली आणि बोटं हुंगली.
म्हणाली, हाच वास. सुट्टीला आला की
उशीला महिनाभर असायचा.
शेवटची कात्री वस्तादांची.

पुढच्या महिन्यापासून तो वृद्धाश्रमात कामाला.
म्हाताऱ्यांना पलंगावरून उचलायचं,
धडपडले तर पडण्याआधी धरायचं.
मला म्हणाला, कडेला न्यायचं नाही एवढं लक्षात ठेवलं की झालं.

नंतर बेसिनवर मी त्याचं डोकं धुतलं.
तीन वेळा शाम्पू, तरी तेल जाईना.
पाणी वाहून गेल्यावर बघतो तर
तळाशी थोडी माती होती.
कुठल्या दिवसाची, ते कळलं नाही.