एक जून

आमच्या जिंतूरकडं फर्लो म्हणजे
जन्मठेपेच्या कैद्याला मिळालेली सुटी.
पेपरात यायचं: फर्लोवर सुटला, परतलाच नाही.
इथं, केंटकीतल्या अर्लँगरमध्ये,
फर्लो म्हणजे विमान उडवणाऱ्यानं घरी बसायचं
आणि फोन वाजायची वाट बघायची.
कैद्याला निदान तारीख दिलेली असते.

युनियनची बैठक हॉटेलच्या हॉलमध्ये होती.
आदल्या रात्रीच्या लग्नाचा एक फुगा छताला चिकटलेला,
खाली आम्ही दोनशे जण, गणवेशाशिवाय,
कोण कॅप्टन, कोण नाही, ओळखू येईना.
लॉरेन स्टेगमननं कराराची प्रत उघडली,
पानोपानी चिठ्ठ्या, स्वयंपाकाच्या वहीसारखी कळकट.
कलम तेवीस: कपात खालून वर.
पोटकलम सहा: परत बोलावणं वरून खाली.
मधल्या कुणाला उचलायचं नाही,
साहेबाच्या मर्जीनं नाही, कुणाच्या रडण्यानं नाही.
"एवढं लिहून घ्यायला अकरा वर्षं गेली," ती म्हणाली.
टाळी पडली नाही.
सगळे माना घालून फोनमध्ये
आपापला नंबर शोधत होते.

माझा दोन हजार तीनशे सोळा.
रेघ सोळा आणि सतराच्या मधे.

सतरा म्हणजे कॉर्विन टॅकेट.
आम्ही एकाच सोमवारी रुजू झालो, एकाच बाकावर.
एका दिवशी आलेल्यांत आधी कोण, ते वयावरून ठरतं.
त्याचा जन्म ऑक्टोबर चौऱ्याऐंशीचा.
माझा जून चौऱ्याऐंशीचा, तारीख एक.

आता इथं कुणाला सांगू
की आमच्या वर्गात एकतीस पोरं होती
आणि सत्तावीस जणांचा वाढदिवस एक जूनला यायचा.
खिल्लारे गुरुजी दारातच पोराला थांबवायचे,
उजवा हात डोक्यावरून घेऊन
डावा कान धरायला लावायचे.
कान हाती लागला की सहा वर्षं पूर्ण.
माझी बोटं लांब होती.
आई म्हणते, तू झालीस तेव्हा हरभऱ्याला घाटे भरले होते.
म्हणजे जानेवारी. म्हणजे पंच्याऐंशी.
म्हणजे सतरा नंबर माझा.

पासपोर्ट, परवाना, वैद्यकीय दाखला,
सगळीकडं गुरुजींचीच निळी शाई उतरत आलेली.
खोटं म्हणावं तर मी काही बोललेच नव्हते.
खरं म्हणावं तर हरभरा साक्षीला कुठून आणू?
करारात सगळं होतं, विमा किती महिने,
पत्ता बदलला तर कुणाला कळवायचं.
लांब बोटांचं कलम नव्हतं.

चार दिवसांनी, रात्री साडेअकराला
स्टाफच्या बसमधून आम्ही दोघंच उतरलो.
माझी आठवड्याची फेरी संपलेली, त्याची शेवटची.
मी सांगून टाकलं.
टोपी काढून, उणे नऊ अंशांत, कानही धरून दाखवला.
त्यानं आपलाही धरून बघितला
आणि हसत सुटला, तोंडातून वाफेचे लोट:
"तुमच्या गुरुजींना वाटाघाटीला बसवायला हवं होतं."
मग हसू थांबलं, आणि जरा वेळ थांबलेलंच राहिलं.

"कंपनीला कळवू?" मी विचारलं.
तो हो म्हणाला असता तर मी काय केलं असतं,
देव जाणे.
तो म्हणाला, "बायकोचा भाऊ गॅसचा ट्रक चालवतो.
मार्चपर्यंत त्याच्याकडं काम आहे."
हे उत्तर होतं की नव्हतं,
मी अजून ठरवतेय.

माझ्या गाडीच्या काचेवर बर्फ घट्ट बसला होता,
खरवडणी घरी राहिलेली.
त्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढलं
आणि त्याच्या कडेनं काच खरवडायला लागला,
फोटोची बाजू तळहाताकडं धरून.
"अरे, मोडेल," मी म्हटलं.
"मोडू दे. बुधवारी परतच द्यायचंय."