बेचिराख

हलच्या मध्यवर्ती वाचनालयात, रेडिएटरशेजारचं टेबल
दर मंगळवारी माझं असतं. फॉर्म फुकट भरून मिळतात.
बरातअली दरवेशी टोपी मांडीवर ठेवून बसतात.
वय एकाहत्तर. बावीस वर्षं माशांच्या कारखान्यात,
बोटांची टोकं अजून पांढरट.
जन्मस्थळ?

“कलाते-बेदक.”
संगणक म्हणतो, असं ठिकाण नाही.
तेहरान घालू का, मी सुचवते, पुष्कळजण तेच घालतात.
“तेहरान मी विमानतळापुरतं पाहिलंय.”
मग माझीच पेन्सिल घेऊन
पावतीच्या पाठीवर उतरंड रचतात :
तळाला आबादी, तिच्यावर देहिस्तान, त्यावर बख्श,
त्यावर शहरिस्तान, माथ्यावर उस्तान.
मौजे, मंडळ, तालुका, जिल्हा
मी मनातल्या मनात जुळवत जाते,
आणि उतरंड सरळ उभी राहते.

तळाच्या मडक्यात किती?
एका गणतीत चौदा घरं, एकसष्ट माणसं.
पुढच्या खेपेला सहा घरं, एकोणीस.
त्यापुढे आकडाच नाही, नुसती फुली.
तीनपेक्षा कमी कुटुंबं उरली
की सरकार संख्या छापत नाही,
घरातली गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये म्हणून.
“रस्ता दिला नाही,” बरातअली हसतात,
“पण पडदा दिला.”

आणि फुलीनंतर?
ते टेबलावरच्या दिव्याकडे बोट करतात. “चिराग.”
बटण दाबतात. अंधार नाही होत,
वर ट्यूबलाइट आहेच, तरी दोघं गप्प.
“बी-चिराग.”

माझे वडील तलाठी होते.
त्यांच्या दप्तरात काही गावांपुढे शेरा असायचा,
तिरक्या, जांभळ्या अक्षरांत : बेचिराख.
मी विचारायची, आग कुणी लावली?
ते म्हणायचे, जा, अभ्यास कर.
चाळीस वर्षं मी त्या शब्दात राख चिवडत होते
आणि निघाला तो दिवा.
कुणी काही जाळलं नव्हतं.
फक्त एका संध्याकाळी
कुणी काडी ओढली नव्हती.

“माझी वहिनी आहे तिकडे, माहतलअत,” ते सांगतात.
“गणतीवाला येणार म्हटलं की
तीन घरांत कंदील लावते. काचा पुसून.”
आणि माणसं?
“एका घरात ती.
दुसऱ्यात शेळी खोकते, आतून कडी.
तिसऱ्यात मी,
कामासाठी बाहेरगावी गेलेला.”

इथे ते फ्लॅट नंबर नऊ, एकटे,
मागच्या गणतीचा फॉर्मही मीच भरला होता.
एक माणूस दोनदा मोजला जाणं
कुठल्या कलमात बसतं, मला ठाऊक नाही.
विचारायला मी गेलेही नाही.

रकान्यात सव्वीस अक्षरं मावतात.
देश लिहिला तर गाव मावत नाही,
गाव लिहिलं तर देहिस्तान अर्धं तुटतं.
“तुटू दे. वरचं तुटू दे.”
मी टाइप करते. चौकट लाल होते.
‘इतर’ निवडल्यावर निमूट बसते.
छापील कागद ते चष्मा वर करून वाचतात,
एक ‘के’ राहिलाय, तो पेननं घालतात,
आणि घडी घालण्याआधी शाई वाळू देतात.

साडेतीनलाच बाहेर गोदीवर काळोख.
वरच्या मजल्यावरचे दिवे कुणीतरी
एकेक करून मालवत येतंय.
“तुमच्या वडिलांनी किती लिहिली?” जाताना विचारतात.
सात, मी म्हणते. सगळी धरणाखालची.

रात्री घरी फोन लावला.
तिकडे पहाटेचे पाच, वडील जागेच होते.
ती सात गावं आठवतात?
त्यांनी नावं घेतली, घाई न करता,
कुणाचं कुठलं शेत तेही सांगत, सहा.
मग थांबले.
फोनमध्ये पंख्याचा आवाज येत राहिला.
“दप्तरात असेल,” म्हणाले.